मोहफुलावर वाढवलेली बुरशी

भंडारा
२६ एप्रिल १९७९

चि. तुलाराम,

तू जामिनावर सुटून आंधळगावला घरी आलास, हे बाबांच्या पोस्टकार्डावरून कळलं आणि जीव भांड्यात पडला. मी यायला हवं होतं. पण बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकल परीक्षा माझ्याच गळ्यात आहेत आणि बाहेरगावचे परीक्षक इथे उतरलेत. एका दिवसाचीसुद्धा रजा मिळणार नाही.

बाबांनी सगळं लिहिलंय. मोहाडीच्या अलीकडे एस.टी. थांबवली, दारूबंदीच्या लोकांनी तुझ्या डब्याचं झाकण उघडलं आणि वास आला तसा तुला खाली उतरवलं. पंचनाम्यात 'दारू गाळण्यासाठी आंबवलेला मोहाचा सडवा' म्हणून लिहिलं. आणि तू म्हणे त्यांना सांगितलंस, "माह्या बहिणीच्या कॉलेजात बुरशी वाढवाले पायजे हे." त्यावर सगळी गाडी हसली. हसणारच रे. भिजवलेल्या मोहफुलाचं पाणी घेऊन जाताना पकडल्या गेलेल्या माणसाने बुरशीचं नाव सांगितल्याचं आजवर कोणी ऐकलंय?

पण मला एक कळत नाही. मी घरी आले होते तेव्हा तुला नीट सांगून गेले होते. फुलं रात्रभर भिजव, सकाळी गाळ, डब्यात भर आणि पहिल्या गाडीने निघ. तू पहिलीच गाडी धरलीस ना? की तुमसरच्या स्टँडवर कोणी भेटलं आणि गप्पा मारत बसलास? उन्हात डबा राहिला तर ते आंबणारच. तुझा स्वभाव मला माहीत आहे, चहा पाजणारा भेटला की तुला गाडी आठवत नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तेही आईबाबांना एकदा तूच समजावून सांग, कारण बाबांच्या पत्रात 'तुझं ते बुरशीचं खूळ' असा शब्द आहे. तुमच्या चिखल्याच्या खाणीतून निघालेल्या काळ्या दगडांच्या ढिगांवर गवताची काडी उगवत नाही. तिथे निलगिरी जगवायची तर तिच्या मुळांवर एक बुरशी लागते. ती मुळाला वेटाळून बसते, दगडातलं पाणी नि क्षार झाडाला आणून देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. ही बुरशी आधी प्रयोगशाळेत वाढवावी लागते आणि तिथे तिला खायला कोण देणार? आपण. मुंबईहून मागवलेला माल्टचा अर्क सहा महिने झाले तरी आला नाही. नुसत्या ग्लुकोजवर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी विरळ पसरते. होळीला तू दिलेल्या पिशवीभर मोहफुलांचा अर्क मी गंमत म्हणून घालून पाहिला आणि तीन आठवड्यांत काचेच्या थाळ्या सोनेरी लोकरीच्या नमद्यासारख्या भरून गेल्या. माझ्या नागपूरच्या गाईड सरांनी थाळी उजेडात धरून दोनदा विचारलं, "कशावर वाढवली?" मी म्हटलं, "एक स्थानिक साखर आहे, सर."

तेव्हा धीर धर. तुला खाणीच्या कंपनीत कायम करायचं ठरतंय ते जूनमध्ये, तोवर हे मिटेल. मात्र एवढं कर, कॉलेजचं नाव यापुढे कुठे घेऊ नकोस. माझी नोकरी अजून कच्ची आहे, हे तुला वेगळं सांगायला नको.

तुझी बाई


भंडारा
१८ जून १९७९

चि. तुलाराम,

दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. आई म्हणाली, तू चिखल्याला खोलीवर परत गेलास म्हणून हे तिकडे पाठवतेय. इथे सगळे मला मॅडम म्हणतात. बाई म्हणून हाक मारणारा तू एकटा, आणि तूच तोंड फिरवून बसलास तर कसं व्हायचं?

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, कारण ती दुसऱ्या कोणाकडून कळली तर तुला जास्त लागेल. मोहफूल वापरायचा परवाना मला मिळाला. विद्यापीठाकडून पत्र नेलं, अर्ज केला, आणि पंधरवड्याच्या आत कागद हातात आला. कचेरीतल्या माणसाने फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, आधी काहून नाई केला अर्ज?" मी हसून वेळ मारून नेली.

म्हणजे आता माझं काम सरळ आहे. अर्क काढते, कुकरमध्ये शिट्ट्या देऊन निर्जंतुक करते, थाळ्या ओतते. आता पाळी नत्राची आहे. ही बुरशीबाई मोठी खोडीची. नायट्रेट दिलं तर रुसल्यासारखी बसून राहते, अमोनियम दिलं की दुसऱ्या दिवसापासून सरकायला लागते. आणि खाऊ घालायलाही हात आवरावा लागतो. नत्र जास्त झालं की काचेत फोफावते, पण रोपाच्या कुंडीत तिला सोडली तर मुळाकडे ढुंकून पाहत नाही. तिचं भागलेलं असतं ना, ती कशाला कोणाच्या मुळाशी जाईल?

हे मी तुला का लिहिते आहे, देव जाणे. तुला यातलं काही वाचायचं नाही, हे मला समजतं. जून निम्मा संपला. तुझ्या कायम होण्याचं काय झालं, ते एका ओळीत कळव.

तुझी बाई


भंडारा
९ नोव्हेंबर १९७९

चि. तुलाराम,

आई काल येऊन गेली. एकटी, आंधळगावहून एस.टी.ने. पायरीवर पिशवी ठेवली, पाणीसुद्धा घेतलं नाही आणि म्हणाली, "माहा पोरगा दारू नाई इकत. तुले मालूम हाय ना? मंग तू सांगत काहून नाई कोर्टात जाऊन?"

मी तिला समजावून सांगितलं. म्हणजे प्रयत्न केला. तेच तुलाही सांगते.

तुझ्या वकिलाचं म्हणणं बरोबर आहे. मी तुमसरच्या कोर्टात उभी राहून सांगितलं की ते पाणी माझ्या प्रयोगासाठी होतं, परवाना नंतर का होईना मिळाला आहे, प्रयोगही जाऊन पाहा, तर तुझ्यावरचा डाग पुसला जाईल. कंपनीने तुझं कायम होणं निकालापर्यंत अडवून धरलंय, तेही सुटेल. मला हे सगळं कळतं. मी नाही कधी म्हटलं?

मी प्राचार्यांना विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. ते म्हणाले, "साक्ष द्यायची तर द्या, तुमचा भाऊ आहे. पण उद्या पेपरात छापून येईल की कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी विनापरवाना मोह येत होता, आणि मार्चमध्ये तुम्हाला कायम करण्याचा विषय मंडळापुढे आहे. तुम्ही समजदार आहात." एवढंच बोलले. चहा मागवला.

सतरा तारखेला तुझी तारीख आहे आणि त्याच दिवशी नागपूरला परिसंवादात माझा निबंध आहे. बाहेरगावचे लोक येणार आहेत. सरांनी माझं नाव आधीच छापून टाकलंय. वकिलांना सांगून पुढची तारीख घे. तारखा काय, मागितल्या की मिळतात. मार्च झाला की मी मोकळी. मग तू म्हणशील त्या दिवशी येईन, म्हणशील ते सांगेन.

आई निघाली तेव्हा म्हणाली, "तुले मार्चची घाई हाय, त्याले नाई का?" रिक्षात बसली आणि गेली. मागे वळून बघितलं नाही.

एवढं माझ्यासाठी कर.

तुझी बाई


भंडारा
३ फेब्रुवारी १९८०

तुलाराम,

बाबांचं कार्ड आलं. तू गुन्हा कबूल केलास. न्यायाधीशांनी विचारलं आणि तू मान हलवलीस, दंड भरलास आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायलास. बाबांनी रसाचंही लिहिलंय. त्यांना वाटलं असेल, पोराने मनाला फार लावून घेतलं नाही म्हणजे बरं.

किती वेळा तारीख घेणार होतास? दर तारखेला खाडा, दर खाड्याला मुकादमाची शिवी. आणि मी मार्चचं गाजर दाखवून बसलेली. तू वाट पाहून पाहून शेवटी स्वतःच मिटवून टाकलंस. मार्चला माझं होईल, कोणी काही बोट दाखवणार नाही. तुझं व्हायचं ते आता होणार नाही, असं कंपनीने कळवल्याचं कार्डाच्या शेवटच्या ओळीत आहे. आणि तुझी सोयरीक जुळत आली होती त्या बेटाळ्याच्या लोकांनी मुलगी द्यायला नकार दिल्याचंही आहे.

मग आता मला लिहू दे. तू पहिलीच गाडी धरली होतीस. मी पहिल्या पत्रात तुझ्यावर ढकललं, तुमसरच्या स्टँडवर चहा पीत बसलास वगैरे, ते सगळं खोटं होतं आणि लिहितानाच मला माहीत होतं. एप्रिलच्या उन्हाळ्यात, रात्रीसुद्धा भिंत तापलेली असते त्या घरात, मोहफूल रात्रभर पाण्यात राहिलं की सकाळी त्याला फेस येणारच. फुलांवरच खमीर असतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे फळ्यावर शिकवते. गाळल्यावर एक उकळी द्यायची, म्हणजे खमीर मरतं. 'उकळून आण', एवढं एक वाक्य तुला सांगायचं मी विसरले.

आणि अर्कच का मागवला? वाळलेलं मोहफूल पोत्यात भरून आणलं असतंस तर फार तर पोतं जप्त झालं असतं, कोणी सडवा म्हटलं नसतं. पण पोतं कॉलेजात आलं असतं तर शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी पाहिलं असतं की मॅडमच्या प्रयोगाला मोह लागतो. नागपूरच्या होस्टेलात पोरी मला काय म्हणायच्या ठाऊक आहे ना? "आली झाडीतली, हिच्या पेटीत बघा, मोहाचे लाडू असतील." होते खरंच. आईने दिलेले. मी ते गच्चीवर नेऊन कावळ्यांना घातले होते. बारा वर्षं झाली, तरी 'मोह' हा शब्द परवान्याच्या अर्जात लिहायला माझा हात धजला नाही. डब्यातल्या पाण्याला नाव नसतं, म्हणून मी तुला पाणी आणायला सांगितलं.

हे मी कोर्टात सांगायला हवं होतं. तुला सांगून काय उपयोग? तुला तर सगळंच माहीत आहे.

तुझी बाई


भंडारा
१४ जुलै १९८१

तुलाराम,

मला डॉक्टरेट मिळाली. सरांनी पेढे वाटले. प्रबंधात मोहफुलाचं नाव सगळीकडे स्पष्ट लिहिलंय, आता ते लिहायला कसली भीती. उलट परीक्षकांनी त्याचीच वाहवा केली, स्वस्त आणि देशी म्हणून. तुझं नाव कुठे घालावं हे मला कळलं नाही. आभारांच्या पानावर घातलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, हे कोण.

दिवाळीला घरी गेले होते तेव्हा मी अंगणात पाय टाकला आणि तू मागच्या दाराने शेताकडे निघून गेलास. आईने तुझं ताट झाकून ठेवलं. बाबांनी विषय धानाकडे नेला. मी तीन दिवस राहायची ती दुसऱ्या दिवशीच परत आले.

आई सांगत होती, तू आता रोजाने दगडांच्या ढिगावर काम करतोस. तब्येतीला जप.

तुझी बाई


भंडारा
२ ऑगस्ट १९८३

चि. तुलाराम,

काल चिखल्याला आले होते. तू पाहिलंसच. साहेबांच्या गराड्यात तुझ्याशी बोलायला सवड झाली नाही, आणि बोलायची ती जागाही नव्हती. जीप तिष्ठत होती, पाऊस येईल म्हणून सगळ्यांना घाई. तुझी प्रकृती बरी वाटली. थोडा वाळलास.

कंपनीने ढिगावर निलगिरी लावायचं काम काढलंय आणि त्यासाठी माझीच बुरशी घेतलीय, ही बातमी तुला आधी कळवायची होती, पण राहून गेलं. तू ढिगावर रोजाने आहेस हे आईकडून कळलं होतं, पण लावणीच्या याच कामावर आहेस, हे मला खरंच माहीत नव्हतं. शपथेवर सांगते.

रोपं चांगली आली आहेत. मुळांवर पिवळसर वेटाळी दिसली. दोन पावसाळे निघाले तर तो काळा ढीग हिरवा होईल, असं सर म्हणत होते.

पाण्याचा लोटा तूच आणलास. पाणी थंड होतं.

तुझी बाई


भंडारा
९ ऑगस्ट १९८३

तुलाराम,

मागचं पत्र टपालात टाकलं आणि पेटीत हात घालून परत काढावंसं वाटलं. 'सवड झाली नाही' म्हणे! तू माझ्यापासून दोन हातांवर उभा होतास. तुला मी काय सांगणार होते, तिथे काय झालं ते?

पण आईला कोणी सांगितलं नसेल, आणि तूही सांगणार नाहीस. तेव्हा एकदा जसं झालं तसं माझ्या हाताने कागदावर येऊ दे.

आम्ही ढिगावर चढलो. कंपनीचे मोठे साहेब, सर, वनखात्याचे दोघे आणि मी, हातात छत्री. मी त्यांना समजावत होते की बुरशी मातीत घालायच्या आधी पाण्याखाली धुवून तिच्यातली उरलेली साखर काढून टाकावी लागते. नाहीतर त्या साखरेच्या वासावर मातीतल्या परक्या बुरश्या तुटून पडतात आणि आपली जगत नाही. साहेबांना ते फार आवडलं. मला ठसका लागला. तुमचा मुकादम, बाबुलाल, ओरडला, "ए प्रोफेसर, मॅडमसाठी पानी आन!"

तू लोटा घेऊन आलास. डोक्याला गमछा, गुडघ्यापर्यंत काळी माती. मी तुला ओळखलं आणि लोट्याला हात लावायच्या ऐवजी छत्री सावरत बसले.

साहेबांनी हसून विचारलं, "हा प्रोफेसर कसा?" आणि बाबुलाल म्हणाला, "साहेब, हा म्हनते का हे बुरशी याच्या बहिणीनं मोहफुलावर वाढवली. कालेजात हाय म्हनते बहीण. दारूच्या केसमदी सापडला होता जी, तवापासून हेच सांगून राहिला. म्हनून सारे प्रोफेसर म्हनतात त्याले."

बाया हसल्या. टोपली डोक्यावर घेतलेली एक तर टोपली उतरवून हसली. वनखात्याचे लोकही हसले. तू हसला नाहीस आणि खालीही पाहिलं नाहीस. तू माझ्याकडे बघत होतास. चार वर्षांत पहिल्यांदा. त्या बघण्यात राग नव्हता रे. मला वाटतं, तुला वाटलं, आता होईल. आता बाई आली आहे, समोर उभी आहे, आता एका शब्दाचं काम आहे.

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "काय मॅडम, ओळखता का याला?"

मी म्हटलं, "नाही. मोहफुलाचं पेपरात छापून आलं होतं, कुठे ऐकलं असेल त्याने."

नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी एक वेळ समजलं असतं, घाबरली म्हणून. पण मी तुझ्या खोटेपणाचं कारणसुद्धा पुरवलं. शिकलेली ना मी. माझ्या तोंडून अर्धवट काही निघतच नाही.

आणि पाणी प्याले. तू लोटा परत घेतलास आणि टोपल्यांच्या ओळीत जाऊन उभा राहिलास.

गेले आठ दिवस मी एकच विचार करते आहे. केसमध्ये मी गप्प राहिले, त्यात तुझी नोकरी गेली, लग्न मोडलं. ते भयंकर होतं, पण तिथे निदान दारूवाला हा शिक्का परक्या लोकांनी मारला होता. ज्या माणसांत तू रोज भाकर खातोस, त्यांच्यात तुझ्याजवळ एकच गोष्ट उरली होती, की आपण खरं बोलतोय. ते हसत होते, पण त्यांच्यातल्या एखादीला मनात वाटतही असेल, कोण जाणे, असेल खरं. त्या दिवशी मी ते संपवून टाकलं. डॉक्टर मॅडमनेच सांगितलं, मग आता कोण विश्वास ठेवणार?

तू ती बुरशी माझी म्हणून सांगत होतास. चार वर्षं, मार झेलावा तसं त्यांचं हसणं झेलत, त्या ढिगावर माझं कौतुक करणारा तू एकटा होतास.

मला झोप नाही. पण झोप नाही असं लिहून मी तुझ्याकडून दया काढायला बघते आहे, तेही मला कळतं.

बाई


भंडारा
२३ ऑगस्ट १९८३

तुलाराम,

काल जे झालं ते तुझ्यासमोरच झालं, तरी लिहिते. तू एकदाही मान वर केली नाहीस, तेव्हा काही निसटलं असेल तर ते यात सापडेल.

जीप नको म्हटलं. एस.टी.ने तुमसर, तिथून दुसऱ्या गाडीने चिखला. आधी कंपनीच्या कचेरीत गेले आणि साहेबांना सांगितलं, तुलाराम माझा सख्खा भाऊ आहे, तो मोह मीच मागवला होता, त्या दिवशी मी खोटं बोलले. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "मॅडम, त्यानं गुन्हा कबूल केलेला आहे. आता तो कागद मी कसा बदलू?" मी वकिलाला भेटून काही करता येतं का ते बघेन म्हटलं. ते म्हणाले, बघा. त्यांच्या आवाजात आशा नव्हती आणि मीही तुला खोटी दाखवणार नाही. ते दार मी वेळेवर उघडलं असतं तर उघडलं असतं.

मग ढिगावर आले. रिपरिप चालू होती. तुम्ही सगळे खड्ड्यांच्या ओळीत वाकलेले. मी बाबुलालला म्हटलं, कामावर लक्ष असू दे, पण मला सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं आहे. तो घाबरला, त्याला वाटलं रोपं चुकीची लावली.   आणि मग आपल्या भाषेतच निघालं, दुसरं काही सुचेना.

"हा तुलाराम माहा भाऊ होय. सख्खा, माह्या पाठीवरचा. हा सांगत होता ते सारं खरं हाय. मोहफूल मीनंच आनाले सांगतलं होतं, बुरशीसाठी. उकळून आन, एवढं सांगाचं मी भुलली, म्हनून ते आंबलं नि हा सापडला. मी कोर्टात आली नाई. अन् त्या दिवशी इथं उभी राहून याले वळखत नाई म्हनलं. मी खोटं बोलली."

कोणी हसलं नाही.  जी बाई त्या दिवशी टोपली उतरवून हसली होती, सुंदरबाई नाव तिचं, ती उठून उभी राहिली आणि तिने विचारलं, "मंग इतके वर्सं काहून नाई आल्या जी?"

मला वाटलं होतं, सांगितलं की संपेल. त्या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. नोकरी, मार्च, परिसंवाद, सगळं तोंडाशी आलं आणि त्या बाईसमोर त्यातलं एकही बोलण्यासारखं वाटलं नाही. म्हटलं, "लाज वाटे." ती म्हणाली, "भावाची?" मी म्हटलं, "मोहाची." तिने माझ्याकडे असं पाहिलं की ही कोणत्या गावची. तिच्या घरी वळचणीला मोह वाळत असेल. माझ्याही आईच्या आहेच की.

तेवढ्यात तू बोललास. चार वर्षांत तुझे पहिले शब्द. मान खालीच.

"मॅडम, पाय काढा. रोप हाय खाली."

मी बघितलं तर खरंच होतं. एवढं सगळं बोलत असताना मी एका रोपावर उभी होते. पाय उचलला. तू सरकत आलास, आडवं झालेलं रोप बोटांनी सरळ केलंस, दोन्ही बाजूंनी माती दाबलीस आणि पुढच्या खड्ड्याकडे गेलास. मी तुझ्या खांद्याला हात लावणार होते, तो तसाच राहिला.

काम सुटेपर्यंत मी खालच्या झोपडीत थांबले. तू पलीकडच्या उतारावरून वस्तीकडे गेलास. मी हाक मारली नाही. तुला यायचं असेल तेव्हा येशील, नसेल यायचं तर नाही. तो आता तुझा विषय आहे, मी त्याची तारीख मागणार नाही.

बाबुलाल मला गाडीपर्यंत सोडायला आला. माझी छत्री त्याने धरली होती आणि स्वतः भिजत होता.  गाडी दिसली तेव्हा थांबला आणि डोक्यावरचा गमछा काढून हातात घेतला.

"मॅडम, आमी त्याले लई हासलो जी. चार वर्सं हासलो."

मी म्हटलं, "तुमी नुसते हासले, बाबुलालभाऊ."

तुझी बाई